‘खेळातून शिक्षण’ : एका प्रत्ययाची चिकित्सा



आजचा विषय वरवर पाहता तत्त्वज्ञानाचा वाटणार नाही. अंगणवाडीतली तीन ते सहा वर्षांची मुलं आणि त्यांचा खेळ, एवढाच विषय आहे. पण आम्ही आयुष्यभर वर्गात जे शिकवलं, त्यातले दोन-तीन अवघड प्रश्न निवृत्तीनंतर आम्हाला पुन्हा भेटले ते तिथे, अंगणवाडीच्या सतरंजीवर. म्हणून आज त्यांच्याबद्दल बोलू.

सुरुवात एका शेतकऱ्याच्या प्रश्नाने करतो. आमच्या वाशीम जिल्ह्यात, मंगरुळपीरकडच्या एका गावात आम्ही गेलो होतो. या गृहस्थांचं घर अंगणवाडीला लागून. तरी त्यांचा चार वर्षांचा मुलगा सकाळी व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या ‘कॉन्व्हेंट’मध्ये जातो. आमच्याकडे इंग्रजी बालवाडीला सरसकट कॉन्व्हेंट म्हणतात, हे बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. आम्ही म्हटलं, अहो, अंगणवाडी दाराशी आहे, फुकट आहे, तिथे मुलं खेळातून शिकतात. ते म्हणाले, “सर, खेळाचंच असन त पोट्टं घरी खेळते. त्याच्यासाठी शाळेत काहून धाडाव?” आणि मग शांतपणे पुढचं वाक्य, “खेळातून काय शिकलं, थे दाखवा ना.”

आम्ही चाळीस वर्षं युक्तिवाद शिकवला, पण त्या ओट्यावर आम्हाला उत्तर देता आलं नाही. त्या माणसाला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आमच्या मते त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि ‘खेळातून शिक्षण’ म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी तो टाळलेला आहे. आजचं व्याख्यान म्हणजे त्याला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी शब्दाकडे बघू. ‘खेळातून’ या शब्दातला ‘तून’ हा प्रत्यय मोठा लबाड आहे. आपण ‘विहिरीतून पाणी’ म्हणतो आणि ‘नळातून पाणी’ही म्हणतो. प्रत्यय एकच, अर्थ मात्र दोन. विहिरीतलं पाणी विहिरीचंच असतं, तिच्या झऱ्यांचं. नळातलं पाणी नळाचं नसतं. ते दूरच्या टाकीत कुणीतरी भरलेलं असतं, नळ फक्त त्याची वाट. आता ‘खेळातून शिक्षण’ म्हणताना खेळ ही विहीर आहे की नळ? शिक्षण खेळाच्या आतच झिरपत असतं, की दुसरीकडे ठरवलेला अभ्यासक्रम खेळाच्या नळीने मुलापर्यंत सोडायचा असतो? आमची आजची तक्रार एका वाक्यात अशी : आपण बोलतो विहिरीबद्दल आणि बसवतो नळ.

दुसऱ्याला बोल लावण्याआधी स्वतःचा गुन्हा कबूल करतो. आमची नात तेव्हा पाच वर्षांची होती. अंगणात चिंचोके घेऊन बसली होती. फरशीच्या सांधीसांधीने ते ओळीत मांडत होती. आम्ही जवळ गेलो. मास्तरकी रक्तात! म्हटलं, “किती चिंचोके आहेत गं? मोज बरं.” तिने मोजले. अकरा झाले. बरोबर मोजले म्हणून आम्ही शाबासकी दिली. ती उठली आणि घरात निघून गेली. “काय झालं?” विचारलं तर म्हणाली, “संपलं.” नंतर तिच्या आईकडून कळलं, ती सोयाबीन पेरत होती. सांधी म्हणजे तास, चिंचोके म्हणजे बियाणं. आम्ही शेतात परीक्षा घेतली आणि पेरणी बंद पडली.

यात नेमकं काय बिघडलं? मोजणं वाईट नव्हतं. हे समजायला आपल्याच परंपरेतल्या एका शब्दाकडे जावं लागेल. तो शब्द ‘लीला’. वेदान्तापुढे प्रश्न होता की, ब्रह्माला काहीच मिळवायचं बाकी नाही, तर त्याने जग का निर्माण करावं? ब्रह्मसूत्रांचं उत्तर असं की ती केवळ लीला. शंकराचार्य भाष्यात दोन दाखले देतात. ज्याच्या सगळ्या इच्छा पुऱ्या झाल्या आहेत असा राजा क्रीडा करतो, तो एक. आणि आपला श्वासोच्छ्वास, हा दुसरा. दोन्ही गोष्टी बाहेरच्या कुठल्याही हेतूशिवाय चालतात. ब्रह्माचं ब्रह्माला ठाऊक, पण खेळाची व्याख्या म्हणून हे फार काटेकोर आहे. खेळाचं प्रयोजन खेळाबाहेर नसतं. बाहेरचं प्रयोजन आत शिरलं की हालचाली त्याच राहतात, चिंचोके तेच राहतात, खेळ मात्र संपतो. नातीचा शब्दही तोच होता.

पाश्चात्त्य परंपरेत याच विषयावर प्लेटोचा दाखला नेहमी दिला जातो. ग्रीक भाषेत ‘पाइदिया’ म्हणजे खेळ आणि ‘पाइदेइया’ म्हणजे शिक्षण. दोन्हींच्या मुळाशी मूल हाच शब्द. ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात प्लेटो सांगतो की बळजबरीने शिकवलेलं मनात टिकत नाही, मुलांना खेळत शिकू द्या. इथपर्यंत सगळे उद्धृत करतात. त्यापुढचं कारण सहसा कुणी सांगत नाही. प्लेटो म्हणतो, त्यामुळे कोणाचा कल कशाकडे आहे हे तुम्हाला अधिक चांगलं दिसेल. म्हणजे खेळ हवा तो निवडीसाठी! मूल खेळतंय आणि कोपऱ्यात कुणीतरी नोंदवही घेऊन बसलंय. नळ बसवण्याचं काम इतकं जुनं आहे.

आता महाराष्ट्रात येऊ. आपल्याकडे हा विचार आला तो मारिया मॉन्टेसरींच्या वाटेने. त्यांचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत सुरू झालं. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक पुढे त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण मॉन्टेसरीबाईंना ‘खेळ’ हा शब्द फारसा आवडत नसे. त्या म्हणत, मूल काम करतं. परीकथा आणि कल्पनाविलास यांबद्दल त्या साशंक होत्या. त्यांच्या साधनांत दट्ट्या हा दट्ट्याच असतो. तो ज्या भोकात बसतो तिथेच बसवायचा. त्याला बैल म्हणायचं नाही.

गिजुभाई आणि ताराबाई या बाईंच्या शिष्य म्हणून ओळखले जातात. पण त्यांनी बालमंदिरात गोष्ट आणली, लोककथा आणल्या, नाटक आणलं, गाणी आणली. हा शिष्यांनी गुरूंशी केलेला मोठा मतभेद होता, आणि त्याचं श्रेय त्यांना पुरेसं दिलं गेलेलं नाही, असं आमचं मत आहे. गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’ आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. त्यातली मुलं चौथीची आहेत, आपल्या विषयापेक्षा मोठी. पण पहिल्या दिवसाचा प्रसंग आठवा. नवा शिक्षक उत्साहाने शांततेचा खेळ घ्यायला जातो. हा खेळ थेट मॉन्टेसरी पद्धतीतला. आणि वर्गात गोंधळ माजतो, मुलं आवाज काढतात, सगळं फसतं. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगतो आणि वर्ग त्याचा होतो. पुस्तकातून आणलेला, बाहेरून ठरवलेला ‘खेळ’ मुलांना खेळ वाटला नाही. हे अपयश गिजुभाईंनी मुद्दाम पहिल्याच दिवशी ठेवलं आहे, हा त्या पुस्तकाचा प्रामाणिकपणा.

ताराबाईंनी पुढचं पाऊल टाकलं. १९४५ साली मुंबई सोडून त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. तिथे बालवाडी काढली, पण वस्तीतली सगळ्यात गरीब मुलं येईनात. तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्माला आला. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले. पुढे १९५७ साली कोसबाडला गेल्यावर आदिवासी मुलं गुरं राखायला जातात असं दिसलं, तर शाळा कुरणात गेली. तीच कुरणशाळा. ‘मूल शाळेत का येत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मुलाच्या आईबापांत शोधलं नाही. जिथे मुलाचा दिवस जातो तिथे त्या जाऊन बसल्या. आज तो शब्द सबंध देशात आहे, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे. पण आता अंगणवाडी म्हणजे एक खोली. अंगण फक्त नावात उरलं.

पण आम्ही त्या शेतकऱ्याला उत्तर द्यायचं कबूल केलंय. खेळातून काय शिकलं, ते दाखवा. तर दाखवतो.

आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडाचे बैल सजवून मिरवतात. ज्याच्याकडे लाकडाचा नाही, तो मातीचा करतो. आणि एरवी बाराही महिने कुठलाही लांबट दगड घेऊन, त्याला सुतळी बांधून मूल ‘हर्र हर्र’ करत ओढतं. कुणी विचारलं तर ते सांगतं, हा खोटा-खोटा बैल आहे. आता या ‘खोटं-खोटं’मध्ये केवढी मोठी बौद्धिक घटना घडली बघा. दगड दगडच आहे हे मुलाला पक्कं माहीत आहे. तो दगडाला चारा भरवत नाही, भरवला तर खोटा-खोटाच. तरीही त्या दगडाने ‘बैल’ हा अर्थ वाहायचा, असं त्याने ठरवलं आहे. वस्तूपासून अर्थ सुटा झाला आणि दुसऱ्या वस्तूवर बसला. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ सालच्या एका व्याख्यानात हाच विचार काठीच्या घोड्यावरून मांडला होता.

आता सांगा, अक्षर म्हणजे दुसरं काय आहे? ‘क’ या आकारात ‘क’चा ध्वनी कुठे आहे? पाटीवरच्या त्या रेघोट्यांनी एक ध्वनी वाहायचा, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. ‘५’ या आकारात पाच वस्तू नाहीत. लिपी आणि अंक हे माणसाच्या समाजाने खेळलेले सगळ्यात मोठे ‘खोटं-खोटं’ आहे. ज्या मुलाने दगडाचा बैल भरपूर हाकला, त्याला रेघेचा ध्वनी करणं नवं नाही. ज्याला ते करू दिलं नाही आणि तीन वर्षांचा असतानाच गिरवायला बसवलं, तो सुबक ‘क’ काढतो. पण ते त्याच्यासाठी चित्र असतं, अक्षर नव्हे. पहिलीच्या शिक्षकांना विचारा. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवणारी आणि त्यातलं एक अक्षर न वाचणारी मुलं त्यांना चांगली ठाऊक असतात.

म्हणजे खेळ हा शिक्षणाच्या कडू गोळीवरचा गूळ नाही. वाचन-लेखनाची मुळी तिथेच जमिनीत उतरते. झऱ्याची विहीर म्हणतो ती ही.

दुसरी गोष्ट, खेळ म्हणजे मोकाटपणा नव्हे. विगोत्स्कींनीच दिलेला एक सुंदर दाखला आहे. दोन सख्ख्या बहिणी ‘बहिणी-बहिणी’ खेळतात. एरवी त्या बहिणी असतातच. पण खेळताना बहिणीने कसं वागावं याचा नियम त्या पाळू लागतात. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. बंजारा मुली भातुकली खेळत होत्या. जी आई झाली होती, तिला बाकीच्या ‘याडी’ म्हणत होत्या, आणि सगळं बोलणं गोरबोलीत. थोड्या वेळाने त्यातलीच एक अंगणवाडीची ‘मॅडम’ झाली. पदर खोचला, हातात काडी घेतली, आणि भाषा बदलली! “रांगेत बसा, हात धुतले का?” हे शुद्ध मराठीत. हीच मुलगी अंगणवाडीत मराठीत विचारलं की गप्प बसते, असं आम्हाला आधी सांगितलं होतं. तिला मराठी येत होती. मराठी बोलायला तिला एक भूमिका हवी होती.

इथे टीकेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खेळाला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. खेळ निरागस असतो, हे अर्धसत्य आहे. मुलं आजूबाजूला जे बघतात तेच खेळतात. मुलगी कायम चुलीपाशी, मुलगा कायम ट्रॅक्टरवर. एका गावात आम्ही पाहिलं, एक मुलगा दरवेळी ‘गडी’च व्हायचा. त्याला कुणी मालक होऊ देत नव्हतं, आणि तोही मागत नव्हता. कारण सांगायची गरज नाही, गावाची रचना आपल्याला ठाऊक आहे. ‘मुलांना मोकळं सोडा, ती आपोआप शिकतात’ म्हणणारे हेच विसरतात की ती हेही आपोआप शिकतात. त्या जागी शिक्षिकेची गरज आहे. खेळ थांबवून समतेचा उपदेश करायला नव्हे. “आज सगळ्यांनी आळीपाळीनं मालक व्हायचं बरं का, चिठ्ठ्या टाकू,” एवढं म्हणायला.

म्हणजे पेच असा झाला : बाहेरचा हेतू आला की खेळ मरतो, आणि मोठ्यांचा हेतू मुळीच नसेल तर खेळ गावाचा अन्याय पुन्हा गिरवतो. यातून वाट काय?

वाट आमच्या भुलाबाईने दाखवून ठेवली आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात मुली भुलाबाई बसवतात. गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आत काय खाऊ आहे ते ओळखायचं असतं. खुळखुळ आवाज आला की मुली अंदाज बांधतात : दाणे? फुटाणे? आवाजच नाही आला, तर शिरा असेल, केळं असेल. हे अनुमान आहे, न्यायशास्त्रातलं धूम आणि अग्नीचं! गाण्यांमधून नाती, माहेर-सासर, पिकं, दागिने, सगळा शब्दसंग्रह येतो. पण ‘आज आपण अनुमान शिकूया’ असं कुठल्याही आईने म्हटलेलं नाही. आईने विचार केला तो डब्यात काय ठेवायचं याचा. ओळखू येणार नाही असं काय करावं, म्हणून ती दुपारभर डोकं लढवते. हेतू आहे, भक्कम आहे. पण तो मोठ्यांच्या तयारीत आहे, मुलींच्या खेळाच्या मधोमध नाही.

हीच आमची कसोटी. या कसोटीवर आजची धोरणं बघू. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या टप्प्याचा अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात मुक्त खेळ, मार्गदर्शित खेळ आणि संरचित खेळ असा भेद स्पष्ट केला आहे. आराखडा चांगला आहे, हे मोकळेपणाने म्हणतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ आला. खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रं, गोष्टींची पुस्तकं. पेटीलाही आमची हरकत नाही.

हरकत आहे ती पुढे काय होतं याला. वरून खाली येताना तीन प्रकारांतला मुक्त खेळ गळून पडतो, कारण त्याचा अहवाल लिहिता येत नाही. उरतो संरचित खेळ, आणि त्यातही फक्त संरचना. एका ठिकाणी आम्ही पाहिलं, ठोकळे वाटले, मुलांनी हातात धरले, फोटो निघाला, ठोकळे परत पेटीत. खेळणी तुटतील तर जबाबदार कोण? यात सेविकेला दोष देणं अन्यायाचं होईल. योजनेच्या सहा सेवा आहेत : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. एक सेविका आणि एक मदतनीस यांनी हे सगळं सांभाळायचं, तेही पगारावर नव्हे, मानधनावर. आहार मोजता येतो, वजन मोजता येतं, मोबाइलवर भरता येतं. दगडाचा बैल कुठल्या रकान्यात भरायचा?

आणि मग तो शेतकरी अंगणवाडीकडे बघतो. त्याला तिथे धड खेळ दिसत नाही, धड अभ्यासही दिसत नाही. कॉन्व्हेंटमध्ये निदान वहीची पानं भरलेली दिसतात. त्याने व्हॅनचे पैसे भरले तर त्याचं काय चुकलं? खेळाचा पुरावा आपणच त्याला कधी दिला नाही.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. रोज एक तास असा असावा ज्यात मुलांचा खेळ कुणीही तोडणार नाही, ना तपासणीसाठी, ना फोटोसाठी. त्या तासात सेविकेवर दुसरं कुठलंही काम नसावं. त्यासाठी माणूस वाढवावा लागला तर वाढवावा. विचारायचं ते खेळाच्या आत शिरून विचारावं. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक पालकाला एक वाक्य सांगावं : “तुमच्या पोरानं या महिन्यात काय केलं माहीत आहे का?” बारा महिन्यांची बारा वाक्यं. भरलेल्या वहीसमोर ती ठेवता येतील.

शेवटी नातीकडे परत जाऊ. काही दिवसांनी ती पुन्हा पेरणीला बसली. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. जवळ जाऊन विचारलं, “मजूर पाहिजे का?” तिने आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि ठेवून घेतलं. म्हणाली, “एका तासात चार-चार टाका. जास्त नाही, बियाणं महाग आहे.” आम्ही टाकत गेलो. तिसऱ्या तासात मुद्दाम पाच टाकले. तिने लगेच पकडलं, एक उचलला, आणि उरलेल्या बियाण्यात किती तास होतील ते बोटांवर जुळवू लागली. पहिल्या दिवशी तिने अकरापर्यंत मोजलं होतं. त्या दिवशी ती भागाकाराच्या उंबऱ्यावर होती. आम्ही तोंडातून शब्द काढला नाही. थोड्या वेळाने तिने आम्हाला कामावरून काढून टाकलं. हात हळू चालतो म्हणाली.

त्या गावी पुन्हा जाणं होईल तेव्हा त्या गृहस्थांना आम्ही एवढंच सांगणार आहोत. तुमचा प्रश्न खरा होता. तुमचं पोरगं दगडाला बैल म्हणतं, तेव्हा ते अक्षराच्या वाटेला लागलेलं असतं. ते दाखवायचं काम आमचं होतं, आणि आम्ही ते केलं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.